घर आपलं, दर्शनी भाग गल्लीचा

आमच्या गल्लीत दिव्याच्या खांबाला प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद बांधलेला दिसला की समजावं, कुणाच्या तरी घराला हात लागणार. काउन्सिलची नोटीस असते ती. कुत्री फिरवायला निघालेली मंडळी तिथे थांबतात, चष्मे वर-खाली करून वाचतात. दुपारच्या आत अख्ख्या गल्लीला कळलेलं असतं की बावीस नंबरवाले मागे खोली काढतायत आणि एकतीस नंबरच्या बाईंना ते मुळीच पसंत नाही. पेपर बंद केला तरी चालेल, खांब वाचायला चुकायचं नाही.

लंडनच्या वायव्य कोपऱ्यातली ही गल्ली. शंभर वर्षांच्या वरची लाल विटांची घरं, दोन-दोन जोडून बांधलेली. पुढे बुटकी भिंत, वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या, छपरांवर धुराड्यांची रांग. हे सगळं मिळून कॉन्झर्वेशन एरिया. मी दुसऱ्या एका काउन्सिलच्या प्लॅनिंग खात्यात, आलेले अर्ज तपासायच्या टेबलावर बसून निवृत्त झाले. त्यामुळे गल्लीतल्या मराठी, गुजराती, पंजाबी अशा सगळ्या घरांची मी बिनपगारी सल्लागार.

परवा भिंतीला भिंत लावून राहणारी आमची वैशाली वाटीभर शिरा घेऊन मागच्या कुंपणाशी आली. नुसती आली असती तर गप्पा. शिरा घेऊन आली म्हणजे काम.

"काकू, घर थोडं वाढवायचं म्हणतोय आम्ही."

"वाढवा की. थोडं म्हणजे किती?"

"फार नाही हो. सासू-सासरे आता नाशिकहून सहा-सहा महिने येऊन राहायचं म्हणतायत. म्हणून किचन मागे सहा मीटर न्यायचं. तेच बाजूच्या बोळातून वळवून पुढपर्यंत आणायचं. वर माळ्याला डॉर्मर काढून दोन खोल्या. खिडक्या सगळ्या प्लॅस्टिकच्या, आताच्यांतून वारा फार येतो. आणि पुढची भिंत पाडून गाडी आत."

"बरं झालं, फार नाही ते. जुन्या घरातलं काही ठेवणार आहात का?"

हसली बिचारी. म्हणाली, "बिल्डर म्हणतो, परमिशन लागतच नाही. त्याने स्लाऊला अस्संच करून दिलंय एकांचं."

"तो खोटं बोलत नसेल. स्लाऊच्या त्या घराला लागली नसेलही. इथे परमिटेड डेव्हलपमेंट नावाची सवलत असते. ठरलेल्या मापात बांधलंत तर अर्जच करायला नको. आपल्यासारख्या जोडघराला मागे एकमजली तीन मीटर, सुट्या घराला चार. त्याहून मोठं हवं तर शेजाऱ्यांना कळवून, काउन्सिलची पूर्वसंमती घेऊन जोडघराला सहा आणि सुट्याला आठ. तुझा बिल्डर त्या वाटेने गेला असणार. पण ती मोठी वाट कॉन्झर्वेशन एरियात बंद आहे. इथे तीन म्हणजे तीन."

"आणि बाजूचं?"

"बाजूला काहीही बांधायचं तर अर्ज. मागून वळवून बाजूला आणलंस तरी कायद्याच्या डोळ्यांना ते बाजूचंच. मागे दोन मजली काढायचं, अर्ज. छपरावर डॉर्मर, अर्ज. विटांवर प्लास्टर, दगड, लाकूड, टाइल काही चढवायचं, अर्ज. टीव्हीची डिश रस्त्याकडच्या भिंतीवर लावलीस तरी अर्ज."

"अहो, नाशिकला आमच्या सासऱ्यांनी गच्चीवर पत्रे टाकले. कुणाला विचारलं नाही."

"आणि पावसाळ्यात त्या पत्र्यांच्या पागोळ्या कुणाच्या अंगणात पडतात?"

"शेजाऱ्यांच्या. त्यावरून बोलणं बंद आहे दोन्ही घरांचं."

"बघ. इथे तेच भांडण बांधायच्या आधी, कागदावर आणि आठ आठवड्यांत उरकून घेतात, एवढाच फरक."

वैशालीचं मात्र समाधान होईना. घर आपलं, कर्ज आपलं, हप्ता आपला, मग काउन्सिलने मधे का यायचं? प्रश्न रास्त आहे. टेबलावर असताना मला तो रोज कुणी ना कुणी विचारायचं, आणि विचारणारे काही आपलेच लोक नसत, गोरेही तितकेच तावातावाने विचारत.

त्याचं उत्तर साठच्या दशकात आहे. युस्टन स्टेशनसमोर दगडी खांबांची एक भव्य कमान होती. १९६१ च्या शेवटी ती पाडायला घेतली. लोकांनी, लेखक-कवींनी आरडाओरडा केला, पण व्हायचं ते झालं. जागोजागी रस्ते रुंद करायला, नव्या इमारती उठवायला जुन्या गल्ल्याच्या गल्ल्या साफ होत होत्या. एखादी महत्त्वाची इमारत वाचवायला कायदा होता, पण अख्खी गल्ली वाचवायला काही नव्हतं. डंकन सँडिस नावाच्या खासदारांनी पुढाकार घेऊन १९६७ साली सिव्हिक ॲमेनिटीज ॲक्ट मंजूर करवून घेतला. त्याच वर्षी लिंकनशरमधलं स्टॅमफर्ड हे इंग्लंडातलं पहिलं कॉन्झर्वेशन एरिया झालं. आज एकट्या इंग्लंडात असे सुमारे १०,००० भाग आहेत. आताचा कायदा १९९० चा. तो काउन्सिलला सांगतो की अशा भागात कुठलाही अर्ज आला, तर त्या भागाचं रूप आणि स्वभाव टिकेल किंवा सुधारेल याकडे खास लक्ष द्या.

"म्हणजे तुझं एकटीचं घर काही ताजमहाल नाही," मी म्हटलं. "या रांगेतलं कुठलंच नाही. पण रांग आहे ना, ती बघण्यासारखी आहे. एकाने दात काढला की सगळं तोंड वेगळं दिसतं. घर आपलं, पण दर्शनी भाग गल्लीचा."

"पण चौदा नंबरचा डॉर्मर आहेच की! मोठा डबा बसवल्यासारखा."

"तो आहे कारण तो आपली गल्ली यादीत यायच्या आधीचा आहे. आता त्याच्याकडे बोट दाखवून मलाही द्या म्हटलंस, तर ऑफिसर काय लिहितात माहितीये? असले डॉर्मर अजून वाढले तर गल्लीचं आणखी नुकसान होईल. चौदा नंबरचा डबा तुझ्या बाजूचा साक्षीदार नाही, तो विरुद्ध पक्षाचा आहे."

खिडक्यांची गोष्ट निघाली तेव्हा मी कुंपणाच्या आणखी जवळ सरकले, कारण ती सत्तावीस नंबरची गोष्ट आहे आणि ते लोक तेव्हा बागेत होते.

एरवी खिडकी दिसायला होती तशीच बसवली तर सहसा कुणी विचारत नाही. पण काउन्सिल एखाद्या भागापुरता आर्टिकल ४ नावाचा आदेश काढून असल्या बारीकसारीक सवलतीही काढून घेऊ शकते. आमच्या गल्लीला तो लागू आहे. त्यामुळे पुढच्या खिडक्या, पुढचं दार, कौलं, पुढची बुटकी भिंत, सगळ्याला विचारावं लागतं. सत्तावीस नंबरवाल्यांना घर विकत घेताना हे वकिलाने कळवलं होतं. त्या जाड गठ्ठ्यात ते पान होतं, फक्त वाचायचं राहून गेलं. सरळ पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खिडक्या लावल्या. महिन्याभरात कुणीतरी कळवलं.

"कुणी?"

"मला काय माहीत? पण एकतीस नंबरच्या बाई रोज तिथूनच चालायला जातात. शेवटी काढाव्या लागल्या आणि लाकडी घ्याव्या लागल्या. एका खिडकीचे दोनदा पैसे."

"मग थंडीत कुडकुडायचं का?"

"कुडकुडायचं कशाला? लाकडी चौकटीतही पातळ दुहेरी काच मिळते, तिचा अर्ज कर. नाहीतर आहे ती खिडकी तशीच ठेव आणि आतून दुसरी काच लाव. आपली घरं लिस्टेड नाहीत, आतल्या बाजूला कॉन्झर्वेशन एरियाचा काही संबंध येत नाही. हे नीट लक्षात ठेव वैशाली, आत तू भिंत काढ, जिना हलव, ओटा कुठेही ने. फक्त बिल्डिंग कंट्रोलला विचारायचं. तुळई, आग, निचरा, वायरिंग हे ते बघतात. ते खातं वेगळं, त्याची फी वेगळी. प्लॅनिंग झालं म्हणजे सगळं झालं, असं समजून लोक फसतात. गाडीसाठी फुटपाथची कड उतरवायची तर तीही परवानगी रस्तेवाल्यांची, निराळी."

वैशालीने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "काकू, मागे काय केलं ते रस्त्यावरून दिसतच नाही. गुपचूप करून टाकलं तर? मागे कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"तुमचं सोडा हो!"

"बरं, माझं सोडलं. तुला गवताच्या गठ्ठ्यांची गोष्ट सांगते." ही गोष्ट मी ऑफिसात नव्या पोरांनाही सांगायचे. सरे परगण्यात सॅलफर्ड्सजवळ एका शेतकऱ्याने स्वतःच्या शेतावर घर बांधलं. घर कसलं, बुरुजांचा किल्ला. परमिशन नव्हती. तेव्हा नियम असा होता की बांधकाम पुरं होऊन चार वर्षं कुणी हरकत घेतली नाही, तर काउन्सिलला पाडायला सांगता येत नाही. म्हणून त्याने घराभोवती गवताच्या गठ्ठ्यांची उंचच उंच भिंत रचली, वर ताडपत्री घातली, आणि बायकामुलांसह त्या गवताच्या आड राहिला. २००६ साली चार वर्षं भरली असं मानून गठ्ठे काढले. काउन्सिलने नोटीस दिली. कोर्टकचेऱ्या झाल्या. २०१० मध्ये हायकोर्ट म्हणालं, लपवण्यासाठी रचलेले गठ्ठे हाही बांधकामाचाच भाग, ते निघेपर्यंत काम पुरं झालंच नव्हतं. २०१६ साली किल्ला पाडावा लागला.

"आणि आता तर चार वर्षंही राहिली नाहीत. २०२४ च्या २५ एप्रिलपासून इंग्लंडात दहा वर्षं केलीत. दहा वर्षं किचनवर गवत घालून ठेवणार आहेस?"

"मंदार ठेवेल," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. "त्याला पैसे वाचले म्हणजे झालं."

"पैसे वाचत नाहीत. घर विकायला काढाल तेव्हा समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, या खोलीचे कागद कुठायत? म्हणून परमिशन लागत नसली तरी लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट काढून ठेवावं. परमिशन लागत नव्हती, असा काउन्सिलचा लेखी दाखला. फी अर्जाच्या निम्मी."

पाडापाडीच्या बाबतीत तर कायदा आणखी कडक आहे. कॉन्झर्वेशन एरियात ठरावीक मापाहून मोठी इमारत परवानगीशिवाय पाडणं हा गुन्हाच आहे, नुसता दंडाचा कागद नव्हे. आणि न विचारता पाडलेलं परत बांधायला लावतात का, असं वाटत असेल तर मेडा व्हेलचा कार्लटन टॅव्हर्न जाऊन बघावा. १९२० च्या सुमाराचा तो पब. तो लिस्टेड करायचं घाटत होतं, तेवढ्यात २०१५ च्या एप्रिलमध्ये मालकांनी बुलडोझर घालून तो जमीनदोस्त केला. वेस्टमिन्स्टर काउन्सिलने सांगितलं, होता तसा, विटेला वीट लावून परत उभा करा. अपील झालं, तेही हरले. २०२१ मध्ये तो पब पुन्हा उघडला. आजही बाहेरून बघणाराला सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

मग फीचा विषय निघाला. २०२५ च्या एप्रिलपर्यंत घर वाढवायच्या अर्जाला २५८ पौंड पडत. त्या एप्रिलपासून ते एकदम ५२८ झाले. वैशालीने "बाप रे" म्हटलं, पण फी ही सगळ्यांत स्वस्त बाब. खरा खर्च नकाशांचा. सध्या आहे तसं घर आणि होणार तसं घर, प्रत्येक बाजूने, मापात. जागेचा नकाशा १:१२५० चा, त्यावर आपल्या हद्दीभोवती लाल रेघ. आमच्या टेबलावरून जे अर्ज परत जात, त्यांतले कितीतरी या लाल रेघेपायी. कुणी शेजाऱ्याची अर्धी बाग आत घेई, कुणी स्वतःचा बोळ बाहेर ठेवी. कुणाच्या नकाशाला उत्तर दिशाच नसे. आठ आठवड्यांत निर्णय म्हणतात, पण ते आठवडे अर्ज दाखल केल्यापासून मोजत नाहीत, तो बिनचूक ठरून नोंदला गेल्यापासून मोजतात. चुकीच्या रेघेवर महिना सहज जातो.

कॉन्झर्वेशन एरियात वर आणखी एक कागद, हेरिटेज स्टेटमेंट. लोक त्यात आपल्या घराची स्तुती लिहितात किंवा सासूबाईंचं दुखणं लिहितात. दोन्हींचा उपयोग नाही. घर केव्हाचं, त्यात विशेष काय, गल्लीच्या दृष्टीने त्याचं महत्त्व काय आणि तुमच्या बांधकामाने त्यातलं किती झाकलं जाणार किंवा बदलणार, एवढं सरळ लिहावं. वीट कुठली वापरणार, सांधे चुन्याचे की सिमेंटचे, छप्पर कशाचं, हेही. परमिशन देताना वीट आधी आणून दाखवा, अशी अट घालणारे ऑफिसर मी पाहिलेत. मिळालेली परमिशन तीन वर्षं टिकते. तेवढ्यात काम सुरू करायचं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

"आणि एकतीस नंबरच्या बाई?" वैशालीचा खरा घोर हाच होता. "त्या सगळ्यांच्याच अर्जावर ऑब्जेक्शन घेतात म्हणे."

"घेऊ देत. एकवीस दिवस असतात लोकांना लिहायला. पण किती जणांनी लिहिलं ते मोजत नाहीत, काय लिहिलं ते बघतात. माझ्या खोलीत अंधार होईल, माझ्या बागेत त्यांच्या खिडकीतून थेट दिसेल, गल्लीच्या रूपाशी विसंगत आहे, हे मुद्दे चालतात. माझ्या घराची किंमत उतरेल, माझ्या खिडकीतून दिसणारा देखावा जाईल, बिल्डरचा आवाज होईल, हे लोक मला आवडत नाहीत, यांतलं काही चालत नाही. एकतीस नंबरच्या बाई तीन पानं लिहितात, त्यांतली अडीच किमतीवर असतात. त्यांच्यामुळे अर्ज पडल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही."

आणि शेजाऱ्यावर राग काढायची हौस इथे श्रीमंतांनाही असते. केन्सिंग्टनमध्ये एका बाईंच्या बांधकामाला शेजाऱ्यांनी विरोध केला. मग २०१५ मध्ये घराचा दर्शनी भाग लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांनी रंगला. लोक म्हणाले, सूड उगवला. काउन्सिलने रंग काढायला सांगितलं. प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि २०१७ साली कोर्टाने बाईंच्या बाजूने निकाल दिला, कारण काउन्सिलने ज्या कलमाखाली नोटीस काढली होती ते कलम घर ओसाड, गलिच्छ पडलं असेल तेव्हाचं, रंग आवडला नाही म्हणून वापरायचं नव्हे.

"म्हणजे काउन्सिलही हरते," वैशाली खूश झाली.

"हरते की. नकार आला तर बारा आठवड्यांत अपील करता येतं, त्याला फी नाही. मात्र परमिशन मिळाली तर शेजाऱ्याला अपील नाही. म्हणून शेजारी आधीच तोंड उघडतो."

अपिलाचं आपल्या सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण द्यायचं तर प्रिमरोज हिलजवळचं १०, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं आणि स्मारक म्हणून खुलं केलं. पण कागदोपत्री ते राहतं घर. त्याचं संग्रहालय करायचं तर वापर बदलायची परमिशन हवी, आणि ती आधी घेतलेली नव्हती. मागाहून केलेला अर्ज कॅम्डेन काउन्सिलने नाकारला. राहण्याची जागा कमी होते, हे कारण. शेजारच्या काही रहिवाशांची येणाऱ्या लोकांच्या वर्दळीबद्दल तक्रार होतीच. अपील झालं, सुनावणी झाली, आणि २०२० च्या मार्चमध्ये थेट मंत्र्यांच्या सहीने संग्रहालयाला मान्यता मिळाली. आपल्यातले कितीतरी जण तिथे जाऊन आले असतील. राज्य सरकारलासुद्धा त्या रांगेत उभं राहावं लागलं, तिथे मंदारचं काय!

"झाडाचं विचारायचं राहिलं," ती म्हणाली. तिच्या मागच्या कोपऱ्यातला बर्च. "तो आड येतोय, तो काढायचा."

"कुऱ्हाड लावू नकोस हं. इथे झाडालाही सहा आठवड्यांची नोटीस लागते. जमिनीपासून दीड मीटरवर ७५ मिलीमीटरपेक्षा जाड बुंधा असला की सांगितल्याशिवाय फांदीही तोडायची नाही. तेवढ्या मुदतीत काउन्सिलला ते झाड मोलाचं वाटलं तर ते कायमचं राखीव करतात. आणि माळा उघडायच्या आधी वटवाघळं आहेत का बघून घे. वटवाघळांना त्रास देणं हा इथे गुन्हा आहे. ती बाहेर पडताना मोजायची तर उन्हाळ्यातच, हिवाळ्यात आठवण झाली तर मे महिन्याची वाट बघत बसायचं."

एवढ्या वेळात शिरा गार झाला होता. वैशालीही जरा हिरमुसली. मी तिला म्हटलं, सहा मीटर, डॉर्मर, बोळ हे सगळं बाजूला ठेव आणि एक सांग, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत?

"अहो, जिना चढताना दोनदा थांबतात."

"आणि तू त्यांना माळ्यावर ठेवणार?"

मग आम्ही कुंपणावर कागद ठेवून घर नव्याने मांडलं. किचन मागे तीन मीटर नेलं. छत वाकडंतिकडं न करता, माझ्या हद्दीशी पागोळी तीन मीटरच्या खाली. आताची जेवायची खोली सासू-सासऱ्यांना, तळमजल्यावर, जिन्याखाली न्हाणीघर. माळ्यावर पोरांची खोली, डॉर्मरशिवाय, मागच्या उताराला छपराशी टेकलेल्या काचा लावून. त्या कौलांच्या वर १५० मिलीमीटरपेक्षा जास्त आल्या नाहीत तर सहसा विचारायला लागत नाही, तरी आपल्या गल्लीच्या आदेशात मागचं छप्पर येतं का, ते काउन्सिलला पत्राने विचारून घ्यायचं. पुढची भिंत जागेवर, गाडी रस्त्यावर. बोळ तसाच, कचऱ्याचे डबे आणायला-न्यायला लागतोच तो.

"हे तर बरंच स्वस्तात पडेल," ती म्हणाली.

"पडेल. पण अजून एक कायदा आहे, आणि तो माझ्या-तुझ्यातला आहे. पार्टी वॉल ॲक्ट, १९९६ चा. तुझा पाया माझ्या घरापासून तीन मीटरच्या आत आणि माझ्या पायाहून खोल जाणार, तर महिनाभर आधी मला लेखी नोटीस. सामाईक भिंतीत तुळई घालायची तर दोन महिने आधी. मी चौदा दिवसांत हो म्हटलं नाही, तर वाद आहे असं धरून सर्व्हेयर नेमतात, आणि त्याचे पैसे सहसा बांधणाऱ्याच्या खिशातून जातात."

"तुम्ही तर हो म्हणालच ना, काकू?"

आता इथे खरं बोलायची वेळ होती. माझ्या किचनची खिडकी तिच्या हद्दीलगत आहे. सकाळचं ऊन मला तिथूनच मिळतं. तिथे प्लॅनिंगवाले खिडकीच्या मध्यापासून पंचेचाळीस अंशांची रेघ ओढून बघतात, शेजारचं बांधकाम त्या रेघेत घुसतं का. तीन मीटर बसतं. सहा बसत नाही, हे मी शिऱ्याचा पहिला घास घेतानाच मनात मोजलं होतं.

"तीन मीटरला मी आजच सही करते," मी म्हटलं. "सहा मीटरचा अर्ज टाकला असतास तर ऑब्जेक्शन मीच लिहिलं असतं. आणि ते चांगलं लिहिलं असतं, मला शब्द माहीत आहेत."

ती क्षणभर बघत राहिली, मग मोठ्याने हसली. म्हणाली, "बरं झालं शिरा करून आणला."

"शिरा नसता आणलास तरी हेच सांगितलं असतं. पण खांबावरच्या कागदातून कळलं असतं, तर सांगितलं नसतं, लिहिलं असतं."

कॉन्झर्वेशन एरियात घर घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या आपल्या लोकांना म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. घर घेतानाच आर्टिकल ४ आहे का ते वकिलाकडून लेखी घ्या. आधी आतली मांडणी बदलून भागतं का बघा, तिथे कॉन्झर्वेशन एरिया आड येत नाही. नकाशा काढायच्या आधी शेजाऱ्याशी बोला, बिल्डरला आगाऊ रक्कम द्यायच्या आधी काउन्सिलला विचारा, आणि दोघांचंही उत्तर कागदावर घेऊन ठेवा.